थेंबभर बीट

रंगाच्या दुकानात त्यांनी एकोणचाळीस वर्षं काढली आणि शेवटी शेवटी त्यांना नावाने हाक मारणारं कुणी उरलंच नाही. सगळे थेंबमास्तर म्हणायचे. गिऱ्हाईक भिंतीच्या पोपड्याचा नखाएवढा तुकडा कागदात गुंडाळून आणायचं, "अगदी हाच रंग पाहिजे," म्हणून अडून बसायचं. मास्तर तो तुकडा दारातल्या उजेडात धरायचे, एक डोळा मिटायचे आणि पांढऱ्या रंगाच्या डब्यात छोट्या बाटलीतला दाट रंग सोडायचे. "झालंच, अजून एक थेंब," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आता हा थेंब मोठा लबाड होता. छोट्या डब्यात तो खरोखरच थेंब असायचा, पण ड्रममध्ये मास्तर पळीभर ओतायचे आणि तोंडाने थेंबच म्हणायचे. पळीभर म्हटलं की गिऱ्हाईक घाबरतं, हे त्यांचं शास्त्र. पुढे दुकानात रंग मिसळणारं मशीन आलं आणि मास्तर घरी बसले.

घर म्हणजे लेकीचं. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, जावई बोटीवर इंजिनं सांभाळायला गेला की चार-चार महिने तोंड दाखवत नसे, आणि लेकीला बाळंतपणाची रजा संपवून औषधाच्या दुकानात परत उभं राहायचं होतं. तिने पाळणाघर बघून ठेवलं होतं. फॉर्मही आणला होता. मास्तर त्या दिवशी असे चिडले की ताटावरून उठले. "मी काय मेलोय का? नातीला परक्यांच्या हवाली करायची आणि मी इथे भिंती बघत बसायचं?" लेकीने फॉर्म घडी करून कपाटात ठेवला. फाडला नाही, हे मास्तरांच्या लक्षात होतं.

नात आठ महिन्यांची, अंगाने गुबगुबीत, तिला सगळे ढब्बू म्हणत. सकाळी पावणेनऊला लेक बाहेर पडली की घरात ढब्बू आणि मास्तर असे दोघेच. तिला पोटाशी घेऊन ते खिडकीत उभे राहायचे आणि समोरच्या इमारतींचे रंग कुठे कुठे चुकलेत ते तिला समजावून सांगायचे. ती त्यांच्या बटणाला लाळ लावत ऐकून घ्यायची. इतकं मन लावून त्यांचं आयुष्यात कुणी ऐकलं नव्हतं. साडेपाच वाजता किल्लीचा आवाज आला की त्यांना खरं तर किंचित वाईटच वाटायचं, आणि वाईट वाटतं म्हणून लाजही वाटायची.

लेक औषधाच्या दुकानात असल्यामुळे लेबल हा तिचा श्वास होता. दुधाची पिशवी, शाम्पू, बिस्किटाचा पुडा, काहीही हातात आलं की आधी उलटं करायची, बारीक अक्षरं वाचायची, तारीख बघायची. जावई म्हणायचा, हिने लग्नाआधी माझीही पाठ फिरवून बघितली होती. ढब्बूसाठी तिने सगळं घरी करायचं ठरवलं होतं. रविवारी सकाळी बापलेक ओट्याशी उभे राहायचे. भोपळा, गाजर, मटार, सफरचंद, जे असेल ते सोलायचं, चाळणीत ठेवून वाफवायचं, खालचं पाणी टाकायचं नाही, त्याच पाण्यात मिक्सरमधून काढायचं, मग गाळणीवर चमच्याने घासून घासून रेषा वेगळ्या काढायच्या आणि जे उरेल ते बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवायचं. गोठलेल्या वड्या डब्यात आणि डब्यावर लेबल. मास्तर त्या सगळ्या प्रकाराला लगदा म्हणायचे. "बाबा, लगदा कागदाचा असतो, प्युरी म्हणा," लेक म्हणायची. "बरं बाई, प्युरी," म्हणून मास्तर पुन्हा लगदाच म्हणायचे.

नियमही तिचेच. एका वेळी एकच नवा पदार्थ, तो तीन दिवस एकटाच द्यायचा, काही झालं नाही तर पुढचा. लेबलवर काय आणि कधीचं ते लिहायचं. हे नियम आले होते मधावरून. ढब्बू सहा महिन्यांची असताना मास्तरांनी प्रेमाने तिला बोटभर मध चाटवला, आणि लेकीला तो तिच्या हनुवटीवर चिकटलेला सापडला. वर्षाच्या आत मध देत नाहीत, हे मास्तरांना माहीत नव्हतं. लेक ओरडली नाही. तीन दिवस तिने ढब्बूवरून नजर काढली नाही आणि चौथ्या दिवशी म्हणाली, "बाबा, तुम्हाला जे द्यावंसं वाटेल ते द्या, पण मला विचारून. पुन्हा असं झालं तर मी तो फॉर्म भरणार." त्यानंतर लेबलं मास्तरच लिहू लागले. दुकानात डब्यांवर लिहायचे त्याच टपोऱ्या अक्षरात. आणि गंमत म्हणजे जगातलं प्रत्येक लेबल वाचणारी ही पोरगी त्यांचं लेबल कधी वाचत नसे. डबा काढायची, झाकण उघडायची. "बाबांनी लिहिलंय ना, मग झालं," म्हणायची.

त्या आठवड्यात पेर हे नवं फळ सुरू करायचं होतं. रविवारी लेकीला दुकानात जावं लागलं, म्हणून मास्तरांनी एकट्यानेच सगळं केलं. पेरं सोलली, वाफवली, घोटली, गाळली आणि ट्रेमध्ये ओतून बघतात तर रंग पार उतरलेला. भोपळा कसा उन्हासारखा दिसायचा, मटार बघून डोळे निवायचे, आणि हे पेर म्हणजे ओला पुठ्ठा. लिंबू पिळलं असतं तर रंग टिकला असता, पण लिंबाने ढब्बूच्या तोंडाभोवती लाल होतं म्हणून लिंबाला बंदी होती. एकोणचाळीस वर्षांत असला रंग त्यांनी दुकानातून बाहेर जाऊ दिला नव्हता. वड्या डब्यात भरताना त्यांना अपमान झाल्यासारखंच वाटलं.

सोमवारी ढब्बूने पेराला तोंडच लावलं नाही. चमचा आला की ओठ घट्ट मिटायचे आणि मान फिरवायची. मंगळवारी सकाळीही तेच. फोनवर लेक विचारत होती, "खाल्लं का हो?" आणि मास्तरांना 'नाही' म्हणताना आपलंच काहीतरी कमी पडतंय असं वाटत होतं. दुपारी वाटीतला तो मातकट गोळा बघत ते बसले आणि त्यांच्या डोक्यात जे आलं ते फक्त रंगवाल्याच्याच डोक्यात येऊ शकतं. पोरगी चवीला नाही म्हणत नाहीये, ती रंगाला नाही म्हणतेय. कुणाला आवडेल असला रंग?

फ्रिजच्या दारात लेकीची बाटली होती. बाळंतपणानंतर तिच्या अंगात रक्त कमी होतं, म्हणून ती रोज बीटचा रस काढून ठेवायची आणि नाक दाबून प्यायची. मास्तरांनी बाटली उजेडात धरली. एक डोळा मिटला. मग पेराच्या वाटीत एक चमचा रस सोडला आणि ढवळला. पुठ्ठा हळूहळू गुलाबी झाला. दुकानाच्या कार्डावर या रंगाला 'पहाट' म्हणायचे आणि बाळाच्या खोलीसाठी लोक तोच मागायचे. "एक थेंब," मास्तर ढब्बूला म्हणाले, "फक्त एक थेंब." ढब्बूने पहिला चमचा तोंडात घेतला, थांबली, आणि मग आ वासला. वाटी साफ.

मास्तरांना कोण आनंद झाला! म्हाताऱ्या माणसाचं कसब कुणाच्या तरी उपयोगी पडलं होतं. फोन वाजला तेव्हा ते उड्या मारायचेच बाकी होते. "बोटं चाटून खाल्लं," ते म्हणाले. "बघा, मी म्हटलं नव्हतं, सवय लागते," लेक म्हणाली. सांगायचं ते तेव्हाच सांगायला हवं होतं. एक चमचा बीट म्हणजे काही विष नव्हे. पण मग मध आठवला, फॉर्म आठवला, आणि मास्तर म्हणाले, "हो ना, सवय लागली."

बुधवारी त्यांनी दोन चमचे टाकले. गुरुवारी रंग आणखी खुलावा म्हणून अर्धी वाटी. बाटलीतला रस कमी झाला तेवढं पाणी घालून पातळी सारखी केली, त्यात तर त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मन खात होतं, नाही असं नाही. पण मनाची समजूत घालायला मास्तरांकडे कारण तयार होतं. डब्यावर लिहिलं होतं 'पेर', आणि डब्यात पेरच होतं. वाटीत काय होतं ते वाटीवर थोडंच लिहायचं असतं?

गुरुवारी साडेपाचला लेक आली, हात धुतले, ढब्बूचा मुका घेतला आणि डायपर बदलायला आतल्या खोलीत गेली. मास्तर कपडे वाळत घातलेल्या दोरीवरून लाळेरी काढत होते.

"बाबा!"

अशी हाक तिने लहानपणी गच्चीवरून पडताना मारली होती. मास्तर धावले. लेक हातात उघडा डायपर घेऊन उभी होती, तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. "रक्त," ती म्हणाली. "शीतून रक्त जातंय हिच्या."

मास्तरांनी बघितलं, आणि त्यांना कळलं. एका क्षणात कळलं, दुसरा लागलाच नाही. रक्ताचा लाल पिवळ्याकडे झुकतो आणि वाळला की विटकरी होतो. हा लाल कडेला जांभळा होता. जगात हा रंग ओळखणारा त्यांच्याएवढा पक्का माणूस दुसरा नसेल, आणि तो मिसळला होता त्यांनीच, दुपारी साडेबारा वाजता.

"थोडं थांबून बघूया का?" त्यांच्या तोंडून निघालं.

"थांबून?" लेकीने त्यांच्याकडे असं बघितलं, जणू त्यांना वेड लागलंय. तोवर तिच्या पायात चपला होत्या, डायपर पिशवीत बांधला होता आणि ढब्बू खांद्यावर. मास्तर मागोमाग जिना उतरले. त्यांनी स्वतःला सांगितलं, डॉक्टर बघतील, हसतील, घरी पाठवतील. मग कशाला उगाच तोंड उघडायचं?

टॅक्सीत त्यांनी वाक्य तयार केलं. 'अगं, मी थोडं बीट दिलं होतं.' सोपं, आठ शब्दांचंही नाही. पुलावर म्हणायचं ठरवलं, पूल गेला. पेट्रोलपंपावर म्हणायचं ठरवलं. लेक ढब्बूचं कपाळ गालाला लावून बसली होती. आता सांगितलं तर ती आधी सुटकेचा श्वास टाकेल आणि मग आपल्याकडे बघेल. त्या बघण्याला मास्तर भ्याले. हॉस्पिटलची कमान आली तेव्हा ढब्बू मजेत त्यांची करंगळी चोखत होती.

मुलांच्या विभागातली डॉक्टर तरुण होती, शांत बोलणारी. पोट दाबून बघितलं, ताप बघितला, डायपर उलगडून बघितला. "लाल रंगाचं काही खाल्लंय का हिने? बीट, टोमॅटो, एखादं औषध?"

"नाही," लेक म्हणाली. "या आठवड्यात फक्त पेर चालू आहे. मी औषधाच्या दुकानात आहे, डॉक्टर. घरात जे बनतं त्याच्यावर लेबल असतं, माझे बाबा लिहितात. त्यांच्याकडून चूक होत नाही."

मास्तर समोरच्या भिंतीकडे बघत होते. भिंतीवर निळा हत्ती काढला होता आणि हत्तीच्या पायाला कुणीतरी नंतर वेगळ्याच निळ्याचा हात मारला होता. दोन्ही निळे एकमेकांशी भांडत होते. त्यांनी त्या पायावरची नजर काढली नाही. 'त्यांच्याकडून चूक होत नाही.' लेकीने त्यांची बाजू घेतली होती, त्यांनी न मागता.

"मग तपासावंच लागेल," डॉक्टर म्हणाली. "शीचा नमुना पाठवते, पण रिपोर्टला दीड तास जाईल. तोवर हातावर हात ठेवून बसता येणार नाही. आतड्याचं काही असलं तर वेळ घालवून चालत नाही. रक्त घेऊ."

नर्स ट्रे घेऊन आली. लेकीचे हात इतके कापत होते की नर्सने मान हलवली. "आजोबा, तुम्ही धरा. घट्ट धरा, हलू देऊ नका."

मास्तरांनी नातीचा डावा हात धरला. केवढासा तो हात, मनगटाला वळी पडलेली, जणू कुणी दोरा बांधलाय. नर्सने पट्टी आवळली, थापटलं, सुई टोचली. ढब्बूने आधी आजोबांकडे बघितलं. काय झालं ते तिला कळलं नव्हतं आणि कळलं नाही की ती त्यांच्याकडेच बघायची. मग तिने टाहो फोडला. शीर सापडली नाही. "लहान बाळांची फार बारीक असते," नर्स म्हणाली आणि उजवा हात मागितला.

आत्ता बोल, मास्तर मनात म्हणाले. आत्ता. त्यांनी उजवा हात पुढे केला.

दुसरी सुईही फुकट गेली. ढब्बूचा आवाज बसला होता, ती रडताना मध्येच नि:शब्द व्हायची आणि ते जास्त भयंकर होतं. मागे भिंतीला टेकून लेक रडत होती. "माझंच चुकलं," ती स्वतःशीच म्हणत होती. "मी कामावर जायलाच नको होतं. आठ महिन्यांचं पोर टाकून गेले. आई असती तर तिने मला जाऊच दिलं नसतं. बाबा तरी एकटे किती बघणार?"

हे मात्र मास्तरांच्या सहनशक्तीपलीकडचं होतं. "डॉक्टर," ते म्हणाले, "थोडं बीट गेलं असेल."

सगळे त्यांच्याकडे वळले. लेकीचं रडणं थांबलं.

"गेलं असेल म्हणजे? दिलंत का?" डॉक्टरने विचारलं.

"तो चमचा... हिच्या रसाचा चमचा होता, तोच वाटीत गेला."

"किती असेल?"

आणि मास्तरांच्या तोंडून तेच निघालं जे एकोणचाळीस वर्षं निघत होतं. "थेंबभर."

डॉक्टरने डायपरच्या पिशवीकडे बघितलं, मग ढब्बूकडे. क्षणभर डॉक्टरच्या चेहऱ्यावर आशा आली होती, ती गेली. "थेंबाने असा रंग येत नाही, आजोबा. चमचा दोन चमचे म्हणाला असतात तर मी रिपोर्टची वाट बघितली असती. सिस्टर, पायावर बघा."

आता मास्तरांनी पाय धरला. पायाची पाच बोटं त्यांच्या मुठीत मावत होती. खरं बोलायला अजून वेळ होता, पट्टी आवळेपर्यंत होता, कापूस फिरेपर्यंत होता. पण थेंबाचा चमचा कसा करायचा? चमच्याची अर्धी वाटी कशी करायची? एकदा कमी सांगितलेलं वाढवायचं म्हणजे आधी खोटं बोललो हे सांगायचं. दुकानात तसा प्रसंगच कधी आला नव्हता. सुई आत गेली. यावेळी शीर सापडली आणि छोट्याशा बाटलीत नातीचं रक्त उतरू लागलं. खराखुरा लाल. पिवळ्याकडे झुकलेला. मास्तर त्याच्याकडे बघत राहिले.

"अर्धी वाटी," ते म्हणाले.

"काय?"

"आज दुपारी अर्धी वाटी दिली. काल दोन चमचे. परवा एक. मीच घातलं. पेराचा रंग बरा दिसत नव्हता म्हणून."

नर्सने सुई काढून कापूस दाबला. डॉक्टरने हातातला कागद हळूच टेबलावर ठेवला. "मग मघाशी थेंब का म्हणालात?"

"आमच्यात तसंच म्हणतात," मास्तर म्हणाले, आणि ते वाक्य ऐकून त्यांची त्यांनाच शरम वाटली.

लेकीने ढब्बूला घ्यायला हात पुढे केले. ढब्बूने आईकडे बघितलं, हुंदका दिला, आणि वळून मास्तरांच्या शर्टात तोंड खुपसलं. ज्यांनी तिला दाबून धरलं होतं त्यांच्याच गळ्याला तिने दोन्ही हातांनी मिठी मारली. मास्तरांना तिला दूर करताही येईना आणि जवळ धरायचं धाडसही होईना. लेकीचे हात तसेच थोडा वेळ हवेत राहिले, मग तिने ते खाली घेतले.

दीड तासाने रिपोर्ट आला. रक्त नव्हतं. डॉक्टर म्हणाली, उद्या-परवा रंग आपोआप जाईल, बाळ ठणठणीत आहे. टॅक्सीत लेक खिडकीला टेकून बसली. पूल आला, पेट्रोलपंप आला.

शुक्रवारी तिने रजा टाकली. मास्तर आपल्या खोलीत कान देऊन बसले होते. तिने एकदा भांडायला यावं, आदळआपट करावी, असं त्यांना वाटत होतं. भांडली असती तर थोडं हलकं झालं असतं. दुपारी ती ढब्बूला मांडीवर घेऊन त्यांच्या दारात आली.

"दात येतोय हिला," ती म्हणाली. "खालचा. हिरडी सुजलीय, म्हणून खात नव्हती. तुम्ही घातलेला रस फ्रिजमधला थंड होता, तोंडाला गार लागत होतं म्हणून खाल्लं. रंगाबिंगाचं काही नाही त्यात."

मास्तरांनी मान हलवली.

"आणि बीट पुढच्या रविवारी यादीत होतंच. तुम्ही विचारलं असतंत तर मी म्हटलं असतं, द्या. बीटचं मला काही वाटलं नाही, बाबा." तिने ढब्बूचा पाय हातात घेतला. पावलावर हिरवट-निळा डाग होता, छोट्या नाण्याएवढा. "माझ्या बाटलीत पाणी घातलंत, त्याचंही मी हसून सोडून दिलं असतं. मला वाटत होतं यावेळी बीटंच फिकी आलीत. पण दोन सुया टोचल्यावर तुम्ही तोंड उघडलंत, आणि उघडलंत ते थेंब म्हणायला. ही तिसरी सुई त्या थेंबाची आहे."

"हो," मास्तर म्हणाले. "माझीच आहे."

"सोमवारपासून पाळणाघर. मी सकाळीच जाऊन फॉर्म देऊन आले."

माफी मागायला त्यांनी तोंड उघडलं. तिने हात वर केला, रागाने नाही, गिऱ्हाइकाला 'जरा थांबा' म्हणावं तसा. "आत्ता नको. आत्ता मागितलीत तर मला द्यावी लागेल."

रविवारी सकाळी मास्तर ओट्याशी येऊन उभे राहिले, कुणी बोलावलं नव्हतं तरी. लेकीने त्यांच्यापुढे पेरांची परात सरकवली. पाळणाघरात डबा घरचाच द्यायचा होता. दोघांनी सोललं, वाफवलं, घोटलं, गाळलं. लगदा म्हणायचं की प्युरी म्हणायचं, यावरून कुणी चिडवाचिडवी केली नाही. ढब्बू खुर्चीत बसून चमचा आपटत होती आणि मधूनच मास्तरांकडे बघून हसत होती. ते हसणं त्यांना सुयांसारखं टोचत होतं.

सोमवारी सकाळी मास्तरांनी तीन वड्या डब्यात घालून वितळवल्या. मग लेबल घेऊन बसले आणि टपोऱ्या अक्षरात लिहिलं: 'पेर. रविवारचं. वाफवल्याचं पाणी दोन चमचे. दुसरं काही नाही.' शेवटची ओळ लिहिताना त्यांचा हात थांबला, कारण असली ओळ त्यांना आधी कधी लिहावी लागली नव्हती. तरी लिहिली. डबा ओट्यावर ठेवला आणि लाळेऱ्याची घडी घालत बाजूला उभे राहिले.

लेक तयार होऊन आली. ढब्बू तिच्या कडेवर होती, खांद्याला दोन पिशव्या. तिने डबा उचलला. लेबल वाचलं. डबा फिरवला, खालून बघितला, पुन्हा वाचलं. मग डबा खाली ठेवून झाकण उघडलं, खिडकीकडे सरकून उजेडात धरलं, वास घेतला, खणातून स्वच्छ चमचा काढला आणि थोडंसं जिभेवर ठेवलं. मास्तरांनी लाळेऱ्याची घडी मोडली आणि पुन्हा घातली. आत काय आहे ते त्यांना माहीत होतं, तरीही.

"पेरच आहे," ती म्हणाली. झाकण घट्ट लावलं, डबा पिशवीत ठेवला आणि चमचा धुवायला नळ सोडला.